काच, लाकूड, कापड आणि आमची पडवी

व्हेलम नावाच्या कागदाशी माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे कागद म्हणजे स्वस्त, खरखरीत, पिवळट. छापून आला की त्याला शाईचा वास यायचा, हाताला काळं लागायचं, आणि मजकूर असा असायचा की वाचणाऱ्याने एकतर सोबत यावं नाहीतर शिव्या द्याव्यात. व्हेलम तसा नाही. त्याच्यातून अर्धं दिसतं, अर्धं दिसत नाही. त्याच्याखाली काही ठेवलं तर ते धुक्यात उभं असल्यासारखं वाटतं. दुमडला की घडीवर पांढरा वळ उठतो आणि तो काही केल्या जात नाही. घामट बोट लागलं की ठसा राहतो. पाण्याचा थेंब पडला की तेवढीच जागा फुगून बसते. वर लोक त्याला बटर पेपर म्हणतात, म्हणजे केक भाजताना टिनात घालतात तो. बटर पेपर वेगळा, हा वेगळा, हे वहिनी येईल त्याला समजावते. मी ते ऐकून थकले. ती सांगून थकली नाही.

वहिनी लग्न होऊन आमच्या सांडोरच्या घरात आली ती नायगावच्या टॉवरमधून. दादा बोटीवर असतो, सहा-सहा महिने समुद्रात. वहिनी आधी एका कंपनीत होती, ती बंद पडली, आणि तिने जुनी आवड बाहेर काढली. काचेच्या बाटल्यांना, लाकडी फळ्यांना, कापडी पिशव्यांना हा अर्धपारदर्शक कागद लावून ती वस्तू करायची. कागदावर नक्षी कापायची, नावं छापून आणायची. सामान पलंगाखाली, कपाटावर, तांदळाच्या डब्यामागे. जेवणाच्या टेबलावर काम मांडायचं आणि जेवायची वेळ झाली की सगळं उचलायचं. पुन्हा मांडायचं, पुन्हा उचलायचं. तिला एकच हवं होतं: आमची पडवी. तिथे एक लांब टेबल टाकायचं, स्वतःचं काम करायचं आणि आठवड्यातून दोनदा गावातल्या बायकांना शिकवायचं.

पडवी घराच्या पुढच्या अंगाला आहे, लांबलचक, समोर केळी. आणि ती भिंतीपासून भिंतीपर्यंत बाबांच्या पत्रकांनी भरलेली होती. बाबांनी उभं आयुष्य चळवळीत घालवलं. विहिरींतलं पाणी उपसून नेणारे टँकर, मातीची भरणी टाकून बुजवलेली बावखलं म्हणजे आमच्याकडची गावतळी, कुणाच्या तरी नावावर परस्पर चढलेल्या जमिनी, प्रत्येक प्रश्नावर त्यांनी पत्रक काढलं, आणि प्रत्येक पत्रकाच्या न वाटलेल्या प्रती सुतळीने बांधून पडवीत ठेवल्या. मला त्यांचा अभिमान आहे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. पण ज्या बावखलासाठी पत्रक काढलं त्याच्यावर आता इमारत उभी आहे आणि गठ्ठा अजून पडवीत आहे, याला काय म्हणायचं?

वहिनीने पडवी मागितली तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "पडवी ही काही आपली खाजगी जागा नाही. ती चळवळीची आहे."

"चळवळ तिथे झोपायला येते का?" मी विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस. सूनबाई, माझं म्हणणं इतकंच आहे. छंद वेगळा, काम वेगळं. एखादं काम कुणा परक्या माणसाचं घे, शेवटपर्यंत पार पाड, मग बघू."

मला इतका संताप आला की मी पाण्याचा पेला आपटला. "दादाने बोटीवर जायच्या आधी तुम्हाला काय पार पाडून दाखवलं होतं?"

"विषय भरकटवू नकोस."

हे त्यांचं आवडतं वाक्य. सभेत कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की ते हेच म्हणतात. वहिनी मात्र म्हणाली, "चालेल, बाबा. एक काम पूर्ण करून दाखवते." मला तिचाही राग आला. परीक्षेला बसायचंच कशाला?

काम चालून आलं ते अर्नाळ्याच्या मावशींकडून. त्या आईच्या वेळेपासून आमच्याकडे मासळी घेऊन येतात. त्या दिवशी टेबलावर वहिनीने केलेला दिवा होता: काचेची बरणी, तिच्याभोवती पानांची नक्षी कापलेला व्हेलम, आत सेलवर चालणारा बारीक बल्ब. मावशींनी टोपली खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"ह्ये काय गो? दिवा हाय का बरनी?"

"दिवा आहे, मावशी."

"आनि वर काय लावलंस, कांद्याची साल?"

वहिनीने बल्ब लावून दाखवला. पानांच्या सावल्या भिंतीवर आल्या. मावशींचा आवाज एकदम बदलला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, किनाऱ्यालगतच्या मैदानात मंडप होता, आणि मुलगी रोज मोबाईलवर असले फोटो दाखवून डोकं खात होती.

"टेबलाटेबलावर ठेवायला देशील करून? पन आमच्याकडं वारा हाय, सांगून ठेवते. तुझ्या ह्या केळीतला नाय. तोंडात वाळू घालनारा."

"देईन."

"आनि दारात नावांची पाटी. लाकडाची. आनि पावन्यांना द्यायच्या पिशव्या. सगळ्यावर हीच साल."

"देईन," वहिनी पुन्हा म्हणाली. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, पण डोळे पानावर नव्हते.

यानंतरचा पंधरवडा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. घरच्या प्रिंटरची शाई या कागदावर वाळतच नाही, हात लागला की नवरीचं नाव नवऱ्याच्या नावात मिसळतं. म्हणून वहिनीने मुंबईहून कागद मागवला आणि नायगाव स्टेशनजवळच्या दुकानातून लेझरवर छापून घ्यायला सुरुवात केली. अर्धा कागद छापून आला. बरण्या धुऊन, पुसून, ओळीने मांडल्या. पाटीची फळी घासून गुळगुळीत केली. उरलेला कागद छापायला ती दुपारी नायगावला गेली, आणि मी आतल्या खोलीत एक लेख लिहीत बसले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. बाबा चहा करत असतील असं मला वाटलं.

बाबा खळ करत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: भिंतींवर पत्रकं लावायची ती गव्हाच्या पिठाच्या खळीने. पीठ पाण्यात कालवायचं, मंद आचेवर ढवळत शिजवायचं, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं. आमच्या घरात त्यासाठी वेगळं पातेलं होतं. आई ते ढवळायची, बाबा आणि त्यांचे सोबती झाडूने भिंतीला खळ फासायचे आणि कागद लावून मधून कडेकडे हात फिरवायचे. ओला कागद आधी सुरकुततो, फुगतो, आणि वाळला की ताणून भिंतीला असा बसतो की उचकटायचा तर रंगासकट निघावा. बाबांच्या आयुष्यात कागद असाच वागत आला होता.

मी बाहेर आले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत खळ. बहुतेक सगळ्या बरण्यांना त्यांनी व्हेलम चिकटवला होता. फळीवर नवरा-नवरीच्या नावांचा मोठा कागद खळीत बुडवून लावला होता आणि त्याच्यावर ते तळहात फिरवत होते, मधून कडेकडे, अगदी पद्धतशीर.

"बाबा, हे काय करताय?"

"सूनबाईला मदत. ती एक-एक टेपचा तुकडा कापत बसते. असं कधी काम होतं का? दुपारभरात संपवलं मी."

कागद बरण्यांवर लाटांसारखा उठला होता. काही ठिकाणी टरारलेले फुगे. नक्षीची पानं गळून काचेवर आडवी झाली होती. आणि व्हेलममधून सगळं दिसतं, म्हणून त्याच्यामागची खळसुद्धा दिसत होती, ढगाळ, गुठळ्यागुठळ्यांची, मोरचुदाच्या निळसर झाकेसकट.

"हा सुरकुतलाय, बाबा!"

"सुरकुतणारच. ओला आहे. सुकला की ताणून बसेल."

"हा पत्रकाचा कागद नाहीये!"

"कागद तो कागद. माझं आयुष्य गेलंय कागद चिकटवण्यात. तू किती भिंती रंगवल्यास?"

मी ओल्यातच एक काढायला गेले, तो माझ्या हातात फाटला. बाबा म्हणाले, "बघ, तूच नासवलास."

वहिनी आली तेव्हा कागद वाळत आला होता. ताणून वगैरे काही बसला नव्हता. तळून काढलेल्या पापडासारखा वेडावाकडा झाला होता आणि कडांनी काच सोडून उभा राहिला होता. तिने पिशवी खाली ठेवली. एक बरणी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. मग दुसरी. मला वाटलं ती रडेल, मला वाटलं ती ओरडेल, मी तिच्या बाजूने ओरडायला तयारच होते.

ती म्हणाली, "बाबा, मदत हवी असती तर मी मागितली असती."

बाबांना त्यांची चूक कळली असावी, कारण ते लगेच ताठ बसले. "मी चांगल्या मनाने केलं."

"माहीत आहे. पण कागद मुंबईहून येतो. आता पुन्हा मागवला तर लग्नानंतर मिळेल."

आणि मग बाबांनी ते वाक्य उच्चारलं, अगदी निरागसपणे, कार्यकर्त्याला अहवाल विचारावा तसं: "म्हणजे काम पूर्ण होणार नाही, असं समजायचं का?"

मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. खळीचं पातेलं उचलून मी अंगणात नेऊन ओतलं आणि बराच वेळ केळीला सुनावत राहिले. परत आले तर वहिनी बरण्या गरम पाण्यात घालून नखांनी खळ खरवडत होती. "ओरडून झालं असेल तर एक कपडा आण," ती म्हणाली. "कोरडा. आणि हात धुऊन ये. पूर्ण कोरडे कर. घाम आला तर लांब उभी राहा."

त्या दिवसापासून तिने उरलेला कागद पुरवायला घेतला. पूर्ण बरणी गुंडाळायची सोडून तिने मधोमध एक अरुंद पट्टी ठरवली. पुढच्या भागावर कुठेच काही चिकटवायचं नाही. पट्टी काचेभोवती सैल फिरवायची, मागे टोकावर टोक आणायचं आणि तिथे फक्त दोन्हीकडून चिकटणारी बारीक टेप. "हा काचेला चिकटत नाही," ती मला सांगत होती, "हा स्वतःलाच चिकटवायचा." पाटीची फळी तिने पुन्हा घासली, नावं पुन्हा छापून आणली आणि लाकडावर वेगळं केलं. आमची हवा ओली. चारही कोपरे ठोकले तर दुपारी कागद पोट काढतो. म्हणून वरच्या दोन कोपऱ्यांना पितळी चुका, खालचा भाग मोकळा. कापडी पिशव्यांवर तर तिने शिलाई मारली. पहिल्यांदा टाका बारीक पडला आणि कागद पोस्टाच्या तिकिटासारखा भोकांच्या रेषेवर फाटला. उसवून पुन्हा शिवायची सोय नाही, भोकं राहतात. मग तिने टाका मोठा केला, मशीन हळू चालवलं, आणि ते जमलं. मी शेजारी बसून दात आवळत होते. इतका हट्टी कागद, आणि त्याच्यापुढे इतकी सबुरी! माझा स्वभाव असा की दुसऱ्या पिशवीलाच मशीन फेकून दिलं असतं.

अडचण राहिली ती वळण्याची. कागद गुंडाळीतून आलेला, सुटा ठेवला की पुन्हा गोल व्हायचा. दाबून ठेवायला सपाट आणि जड काहीतरी हवं होतं. वहिनीने पडवीकडे बघितलं. मीही बघितलं. बाबांनी आम्हा दोघींकडे बघितलं.

"फक्त दाबायला," वहिनी म्हणाली. "सोडणार नाही सुतळी."

त्यांना नाही म्हणता येईना. गठ्ठे त्यांनी स्वतःच वाहून आणले, प्रत्येकावरची धूळ झटकत आणि प्रत्येकाचा इतिहास सांगत. हे कलेक्टर कचेरीवर गेलो तेव्हाचं. हे छापलं त्या रात्री छापखान्याची वीज गेली होती. मी एक गठ्ठा व्हेलमवर ठेवायला घेतला आणि वरच्या पत्रकाचा मथळा वाचला. घरातल्या बाईच्या श्रमाला मान द्या, तिला तिचा हक्काचा कोपरा द्या. खाली बाबांचं नाव.

"बाबा," मी म्हटलं, "हे कुणी लिहिलंय?"

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. "मीच. महिला मेळाव्यासाठी. चांगलं झालं होतं हे पत्रक."

"याची खळ कुणी शिजवली होती?"

ते सुतळीची गाठ चाचपू लागले.

"आईने," मीच सांगितलं. "आणि ती कुठल्या कोपऱ्यात बसून शिजवायची? आणि हा हक्काचा कोपरा मागणारा गठ्ठा इतकी वर्षं कुणाच्या कोपऱ्यात बसलाय?"

"विषय..." ते म्हणाले आणि थांबले. मग गठ्ठा माझ्या हातातून घेऊन त्यांनी कागदावर नीट ठेवला, कडेला कड जुळवून. त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं. ते भांडले नाहीत याने मी आणखीच चिडले.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही रिक्षात बरण्या मांडीवर घेऊन अर्नाळ्याला गेलो. मंडपात खुर्च्या लागत होत्या, पलीकडे काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि वारा मावशींनी सांगितल्यासारखाच होता. वहिनीने पाटी लावली. कागदाचा खालचा भाग वाऱ्याने उचलला, फडफडला, आणि परत खाली बसला. फाटला नाही. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. नवऱ्याकडचे एक काका आले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "नाव धूसर दिसतंय. जरा ठळक नको का?"

"तुमचं लग्न हाय का?" मावशी म्हणाल्या. "तुमच्या पुतन्याला त्याचं नाव ठाव हाय. बसा तिकडं, सरबत घ्या."

मग त्या वहिनीला बाजूला घेऊन गेल्या. किनाऱ्यावर त्यांची होडी ओढून ठेवली होती, नव्या रंगाची, झेंडूच्या माळा बांधलेली. "हिलाबी लाव ना तुझी साल. नवरी हिच्यात बसून फोटो काढनार."

मला धडकी भरली. वहिनी सगळ्याला हो म्हणते, हे मी एवढ्या दिवसांत पाहिलं होतं. तिने होडीच्या अंगावरून हात फिरवला. हात ओला झाला.

"नाही लागणार, मावशी. तेलाचा रंग, वर खारट ओल. मी लावीन, तुमच्यासमोर राहील, आणि नवरी बसली की गळून तिच्या साडीला चिकटेल."

मावशींनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग हसल्या. "बरं झालं बोललीस. त्यो मंडपवाला सगळ्याला हो-हो करतो आनि अजून पंखे आनले नाय."

संध्याकाळी बाबा दारातच उभे होते. "झालं?"

"झालं," वहिनी म्हणाली.

"सगळं?"

"होडी सोडून. होडीला मी नाही म्हटलं."

बाबा विचारात पडले. ही त्यांच्या तत्त्वांच्या कसोटीची घडी होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "म्हणजे पूर्ण झालं असं म्हणता येईल. तसं पहिल्या खेपेचा माल वाया गेला..."

"कुणी घालवला?" मी ओरडले.

"...पण ते सोडू. माझं मत असं आहे की अर्धी पडवी द्यावी. उजवीकडची. गठ्ठे डावीकडे सरकवता येतील."

वहिनी चपला काढत होती. ती ओणवीच म्हणाली, "उजवीकडे ऊन येतं, बाबा. कागद पिवळा पडेल. मला पूर्ण लागेल." मग सरळ उभी राहिली. "आणि परीक्षा दिली म्हणून नको. मी या घरात राहते म्हणून हवी. बायकांना मी सोमवारी बोलावलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं हे मी शिकवलं. मी काहीही शिकवलं नव्हतं. माझं शिकवणं सगळं पेला आपटण्यात आणि केळीला सुनावण्यात गेलं होतं. ते आत गेले आणि त्यांनी पंखा लावल्याचा आवाज आला.

रविवारी ते एक-एक गठ्ठा उचलून आपल्या खोलीत नेत राहिले. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "तुझ्या हाताला घाम आहे." पलंगाखाली भरले, पलंगाशेजारी रचले, खिडकी अर्धी झाकली गेली. टाकून एकही दिला नाही. मी म्हटलं, निदान बुजलेल्या बावखलाचा तरी रद्दीत द्या. ते म्हणाले, "तू असं बोलशील असं वाटलं नव्हतं." मला खरंच वाईट वाटलं, आणि त्याचाही रागच आला.

सोमवारी बायका आल्या. चौघी आमच्या वाडीतल्या, दोघी नव्या इमारतींतल्या. वहिनीने लांब टेबल मांडलं होतं, काचा, फळ्या, कापडाचे तुकडे. आणि गठ्ठे गेलेल्या पडवीच्या अगदी मधोमध बाबा खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. बायका त्यांना वळसा घालून टेबलाशी गेल्या, पदर सावरत, एकमेकींकडे बघत. वहिनी टेबलावर कागदाचे तुकडे वाटत होती. मी आतून बघत होते, दाराची चौकट धरून, आणि माझ्या तोंडात सगळे शब्द तयार होते.

इमारतीतली आणखी एक बाई उशिरा आली, कडेवर मूल, हातात पिशवी. तिला बाबा कोण, चळवळ कोणती, काही माहीत नव्हतं. तिने टेबलाकडे बघितलं, जागा मोजली.

"काका, एक खुर्ची कमी पडतेय. ही घेऊ का?"

बाबा उठले. पेपरची घडी घातली, खुर्ची उचलून टेबलाशी नेऊन ठेवली, आणि ती हलते का ते दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. मग पेपर काखेत घेऊन पायऱ्या उतरले आणि अंगणात केळीच्या सावलीत उभे राहून वाचू लागले.